एनआरएलमधली (ऑस्ट्रेलियातली मोठी रग्बी लीग स्पर्धा) नवीन पोरं कुठली बघायची? आणि ही पोरं येतात तरी कुठून?

वेंटीकर_बाबा

नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, सिडनीला येऊन अडीच वर्षं झाली, वेंटवर्थविलला राहतो. पोरगा अकरा वर्षांचा. साताऱ्यात असताना बॅट हातातून सोडायचा नाही, जेवायला बसताना पण शेजारी ठेवायचा, आणि इथल्या शाळेत गेला नि चार महिन्यांत फुटी फुटी फुटी. मला वाटलं हे आपलं ते टीव्हीवर कधीमधी लागायचं ते रग्बी असेल, तर त्याने अशा नजरेने बघितलं की जणू मी विटीदांडूला क्रिकेट म्हणालो. "बाबा ते युनियन, हे लीग." तेरा जण, सहा टॅकल, सहाव्याला पकडलं तर बॉल समोरच्याला. एवढं मला आता कळतं. त्यापुढे घोडं अडलंय.

गेल्या ऑक्टोबरला २०२५ची फायनल शेजारच्या सामोअन कुटुंबाकडे बसून बघितली, ब्रिस्बेन ब्रॉन्कोज विरुद्ध मेलबर्न स्टॉर्म. त्यांच्या घरात पंधरा माणसं, प्रत्येकाला प्रत्येक खेळाडूचा चुलत मामेभाऊ माहीत. बायको मधेच विचारते, तो नेलपॉलिश लावलेला पोरगा कोण हो, सगळीकडे तोच दिसतोय. तो म्हणे रीस वॉल्श. वय तेवीस. मला वाटलं सतरा-अठराचा असेल.

तर आता नवा सीझन तोंडावर आलाय, पोरगा डिनर टेबलवर रोज नावं फेकतो आणि मी नुसता हं हं करतो. मला तीन गोष्टी सांगा. एक म्हणजे कुठली तरुण पोरं बघण्यासारखी आहेत. दुसरं, आयपीएलसारखं ऑक्शन नाही म्हणतात, ड्राफ्ट (क्लबांनी पाळीपाळीने पोरं निवडायची पद्धत) पण नाही म्हणतात, मग अठराव्या वर्षी एकदम टीव्हीवर येतात कशी. आणि तिसरं, खरं तर हेच पहिलं, पोराचं नाव बाराखालच्या टीमला घातलंय, फी भरून झाली, आणि बायको अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये.

ब्रिस्बेनचा_नान्या

वहिनींची नजर एकदम बरोबर आहे, वॉल्शवरच पडायला पाहिजे 😄

मी ब्रॉन्कोजवाला, त्यामुळे मीठ लावून घ्या. पण ही गोष्ट २०२५ पासून सुरू करू नका, २०२३ पासून करा. त्या फायनलला आम्ही २४-८ ने पुढे होतो. एझ्रा मॅम, वय वीस, त्याने दहा-बारा मिनिटांत तीन ट्राय मारले (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय), मी सोफ्यावर उभा, शेजारी भिंतीवर ठोकतोय, आणि मग शेवटच्या वीस मिनिटांत पेनरिथच्या नेथन क्लिअरीने एकट्याने मॅच ओढून नेली, २६-२४. त्या रात्री मी जेवलो नाही. वॉल्श पण त्याच टीममध्ये होता, एकवीस वर्षांचा. दोन वर्षांनी परत फायनल, हाफटाइमला स्टॉर्म २२-१२ ने पुढे, मी म्हटलं झालं, आपल्या नशिबात हेच. आणि २६-२२ ने जिंकलो. २००६ नंतर पहिल्यांदा. वॉल्शला क्लाइव्ह चर्चिल मेडल, म्हणजे फायनलचा मॅन ऑफ द मॅच.

आणि हा पोरगा गोल्ड कोस्टचा. आमच्याकडेच वाढला, आम्ही २०२१ला सोडला, वॉरियर्सने उचलला आणि लगेच खेळवला. सात मॅच खेळल्यावर क्वीन्सलंडने ओरिजिनच्या (क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स अशी दर वर्षीची सिरीज) टीममध्ये घेतला होता, हॅमस्ट्रिंग गेली म्हणून राहिलं. २०२३ला परत आमच्याकडे. आपण सोडलेलं पोरगं आपणच जास्त पैसे देऊन परत आणायचं, हा ब्रॉन्कोजचा जुना धंदा आहे.

नवीन नावात रॉबर्ट टोइया लिहून ठेवा. रूस्टर्सचा सेंटर. आधी दुखापतींनी पार हैराण झालेला, २०२५ला पहिली मॅच खेळला आणि सीझन निम्मा व्हायच्या आत क्वीन्सलंडची जर्सी. वर्षाचा बेस्ट रुकी, म्हणजे नवखा खेळाडू, पण तोच. सिडनीच्या क्लबात खेळतो पण पोरगा आमचा आहे, आणि ती सिरीज २-१ ने कोणी जिंकली ते मी इथे लिहीत नाही, पंतांना त्रास होतो.

पेनरिथ_पंत

नान्या, चार वर्षं ओळीने कप कोणाकडे होता ते पण लिही की. २०२१, २२, २३, २४. असो.

बाबासाहेब, मी इथे बावीस वर्षं आहे, सेंट मेरीजला घर, दोन्ही पोरं इथल्याच ग्राउंडवर खेळून मोठी झाली, एकही पुढे गेला नाही पण दोघांची ढोपरं मात्र गेली. त्यामुळे जे सांगतो ते बाहेरून बघितलेलं नाही.

पहिली गोष्ट, हायलाइट्स बघून पोरं निवडू नका. हायलाइटमध्ये कायम विंगर, सेंटर, फुलबॅक दिसणार कारण ट्राय तेच टाकतात. आणि त्या जागांवर पोरगा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चमकू शकतो, पाय आहेत, धाडस आहे, बास. आमच्याच केसी मॅक्लीनचं बघा, अठराव्या वर्षी न्यूझीलंडकडून पहिली टेस्ट खेळला आणि चार ट्राय. भाऊ जेसी पण आमच्याकडेच. बघायला मजा येते यात वाद नाही. पण हाफबॅक नावाचा प्राणी वेगळा. त्याला सहा टॅकलचा हिशोब डोक्यात ठेवायचा असतो, चौथ्या टॅकलला आपण मैदानाच्या कुठल्या बाजूला असलं पाहिजे, पाचव्याला किक कुठे मारायची, समोरचा विंगर पुढे आलाय का, आपला प्रॉप, म्हणजे पुढचा धिप्पाड गडी, दमलाय का. क्लिअरी २०१६ला अठराव्या वर्षी आला, २०१९पासून बाप इव्हान स्वतः कोच, आजूबाजूला चांगले खेळाडू, तरी पहिला कप २०२१ला. पाच वर्षं! नान्या ज्या रात्री जेवला नाही तो क्लिअरी आठव्या सीझनचा होता. लोकं एकोणीस वर्षांच्या हाफला दोन मॅच हरला की शिव्या घालतात तेव्हा मला हसू येतं.

म्हणून मी तुम्हाला जो पोरगा बघा म्हणेन तो डॉल्फिन्सचा इसाया काटोआ. हाफबॅक, २००४चा जन्म. गंमत म्हणजे एनआरएलची एकही मॅच खेळायच्या आधी २०२२ला टोंगाकडून वर्ल्ड कप खेळून आला. आमच्याच पेनरिथच्या खालच्या ग्रेडमध्ये होता, पण वर क्लिअरी आणि लुआई बसलेले, जागा कुठे मिळणार, डॉल्फिन्स २०२३ला नवीन क्लब म्हणून उभा राहिला नि घेऊन गेला. हा पोरगा घाई करत नाही. बाकीची पोरं बॉल आला की काहीतरी करायलाच पाहिजे म्हणून करतात, हा कधीकधी काहीच करत नाही, नुसता पास देतो नि पुढच्या टॅकलला बरोबर जिथे पाहिजे तिथे उभा. टीव्हीवर ते दिसत नाही, स्टेडियमला जाऊन बघा.

दुसरं, येतात कुठून. ऑक्शन नाही, ड्राफ्ट नाही, बरोबर ऐकलंय तुम्ही. १९९१ला ड्राफ्ट आणलेला, खेळाडू कोर्टात गेले, फेडरल कोर्टाने सांगितलं की माणसाने कुठे काम करायचं हे त्याला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही, संपला ड्राफ्ट. तेव्हापासून क्लब पोरं स्वतः वाढवतो नाहीतर दुसऱ्याची उचलतो. शिडी अशी असते, शनिवारची गल्लीतली टीम, त्यातून जिल्ह्याची निवड, मग हॅरल्ड मॅथ्यूज कप सतराखालचा, एसजी बॉल एकोणीसखालचा, जर्सी फ्लेग एकवीसखालचा, मग न्यू साउथ वेल्स कप आणि मग वरची टीम. क्वीन्सलंडला नावं वेगळी, सिरिल कॉनेल, मॅल मेनिंगा वगैरे. शाळांची वेगळी भानगड, वेस्टफील्ड्स स्पोर्ट्स हाय, ब्लॅकटाउनची पॅट्रिशियन ब्रदर्स, गोल्ड कोस्टची कीब्रा पार्क, तिथे स्काउट लोक डबा घेऊन बसलेले असतात. आमच्या पेनरिथला नशीब हे की पोरांची खाणच इथे आहे, ब्लॅकटाउन, माउंट ड्रुइट, सेंट मेरीज. लुआई, ब्रायन टोओ, स्टीफन क्रायटन सगळी याच रस्त्यांवरची पोरं. आणि तुमच्या शेजाऱ्यांना विचारा, २०२२ला इथला कप जिंकून ते तिघं त्याच वर्षी सामोआकडून वर्ल्ड कपची फायनल खेळले. हरले ३०-१०, पण माउंट ड्रुइटला महिनाभर गाड्यांवर सामोआचे झेंडे होते.

तिसऱ्या प्रश्नावर मी बोलत नाही, वहिनी वाचत असतील.

डावा_कोपरा

मी सांगलीचा. ऑस्ट्रेलिया नकाशातच बघितलाय. कबड्डीची पोरं शिकवतो, रात्री यूट्यूबवर हे बघत बसतो आणि बायको म्हणते झोपा आता. तर परक्या माणसाचं दोन पैशाचं मत.

पंत म्हणतात ते शंभर टक्के. पण मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की पोरगं बघायचं तर त्याच्याकडे बॉल नसताना बघा. आमच्याकडे निवड चाचणीला दोनशे पोरं येतात, सगळ्यांना चढाईच करायची असते. मी चढाई बघतच नाही पहिल्या दिवशी. मी बघतो समोरचा चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडे गेलाय तेव्हा हा डाव्या कोपऱ्यातला काय करतोय. कंबरेवर हात ठेवून उभा राहिला की नाव खोडलं. जो दोन पावलं आत सरकतो, साखळीतल्या जोडीदाराचा हात बघतो, त्याला दुसऱ्या दिवशी बोलावतो.

तुमच्या त्या खेळात टॅकल झाली की बचाववाल्यांना दहा मीटर मागे जायला लागतं आणि लगेच परत पुढे यायचं. ऐंशी मिनिटं हेच. पुढे, मागे, पुढे, मागे. आता तिथे बघा कोण मागे तोंड करून चालत जातो आणि कोण बॉलवर नजर ठेवून उलटा पळत जातो. बास, तेवढं एकच बघा पाच मिनिटं. तुम्हाला नावं विचारायला लागणार नाहीत.

आणि पकड! आमचा घोटा जसा वेळेवर बसला पाहिजे तसं यांचं खांदा आणि पाय. खालच्या वयात मोठं शरीर असलेली पोरं नुसती अंगावर जाऊन जिंकतात, त्यांना पाय शिकायची गरजच पडत नाही, आणि सतराव्या वर्षी सगळे सारखे मोठे झाले की यांचं काहीच उरत नाही. आमच्याकडेही हेच. चौदाव्या वर्षी मिशा फुटलेला जो राजा असतो तो अठराव्या वर्षी प्रेक्षकात. लहान चणीचा पोरगा चार वर्षं मार खाऊन खाऊन टायमिंग शिकलेला असतो. वेंटीकर साहेब, तुमचा पोरगा अंगाने कसा आहे?

वेंटीकर_बाबा

काडी. आईवर गेलाय. वर्गातली दोन पोरं माझ्यापेक्षा उंच आहेत हो, अकरा वर्षांची!

डावा_कोपरा

मग चांगलंय. खाऊ दे मार.

घरबसल्या_गणपुले

खाऊ दे मार काय, डोकं आहे की नारळ? क्रिकेटला घाला, चांगलं फिरकी बिरकी टाकेल. सिडनीला मराठी पोरांच्या इतक्या क्रिकेट टीम आहेत. हे आपल्या अंगकाठीचं काम नाही.

मीनल_न्यूकॅसल

गणपुले काका, अंगकाठीचं काय घेऊन बसलात. आमच्या न्यूकॅसलची जेसी साउथवेल बघा. २०२२ला नाइट्सच्या बायकांच्या टीमने कप जिंकला तेव्हा हाफबॅक ही, वय सतरा! शाळेचं वय. समोर दहा दहा वर्षांनी मोठ्या प्रॉप्स, आणि ही मध्ये उभी राहून हाताने दाखवतेय तू इकडे जा, तू तिकडे जा. मोठी बहीण हॅना पण खेळाडू. आमच्या गावात तेव्हापासून लहान मुलींच्या हातात बॉल दिसायला लागला, माझी नऊ वर्षांची पण त्यातलीच. पंतांनी एवढी मोठी शिडी सांगितली पण मुलींची सांगितली नाही, तर मी सांगते, लिसा फियाओला कप सतराखालचा, टार्शा गेल कप एकोणीसखालचा, आणि मग एनआरएलडब्ल्यू, म्हणजे बायकांची एनआरएल. २०१८ला चार टीमनी सुरू झालं, २०२५ला बारा. तरुण टॅलेंट म्हटलं की सगळे पोरांचीच नावं घेतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता डोक्याचं. तो प्रश्न खरा आहे, हसण्यावारी नेऊ नका. मी फिजिओ आहे, वीकेंडला ज्युनिअर टीमच्या साइडलाइनवर असते. बॉइड कॉर्डनर, जेक फ्रेंड, दोघेही रूस्टर्सचे कॅप्टन, दोघांनाही २०२१ला डोक्याच्या मारामुळे खेळ सोडायला लागला. तेव्हापासून इथे बरंच बदललंय. एनआरएलमध्ये कन्कशन झालं की साधारण अकरा दिवस मैदानाबाहेर असा नियम २०२३ला आला. लहान पोरांना सुरुवातीला कमरेच्या टॅग ओढायलाच देतात, टॅकल शिकवतात ते गुडघ्यावर बसून, हळूहळू, डोकं कुठे ठेवायचं हे आधी. बाबा, तुम्ही एकच करा, कोचला विचारा की टॅकलचं ट्रेनिंग आठवड्याला किती आणि कसं. नीट उत्तर देतो तो कोच बरा. "अरे खेळता खेळता येतं" म्हणाला तर टीम बदला. आणि डोक्याला लागलं तर पोरगा "मी ठीक आहे" म्हणणारच, सगळेच म्हणतात, त्याचं ऐकायचं नाही, बाहेर काढायचा आणि डॉक्टरला दाखवायचा. माउथगार्ड गाडीत विसरू नका. दर शनिवारी एक तरी बाप पार्किंगकडे पळत असतो.

ब्रिस्बेनचा_नान्या

गणपुले काका गप्प झाले बघा.

बाबा, अजून एक गंमत ऐका. ओरिजिनचा नियम असा आहे की तेराव्या वाढदिवसाआधी तुम्ही त्या राज्यात राहायला आलेले असलात की चालतं, बाकी अटी आहेत पण मुख्य ही. तुमचा पोरगा साडेआठला सिडनीला आला. म्हणजे कायद्याने तो न्यू साउथ वेल्सकडून खेळू शकतो. किती वाईट वाटतंय मला हे लिहिताना. अजून जवळजवळ दोन वर्षं आहेत, तो तेराचा व्हायच्या आत ब्रिस्बेनला शिफ्ट होताय का बघा, वर्क फ्रॉम होम असेलच तुमचं.

पेनरिथ_पंत

नान्या पोरगा पळवायला लागला बघा, हेच ते, असंच चालतं इथे 😂

त्यावरून आठवलं, ती लॅकलन गॅल्व्हिनची भानगड वाचली का कोणी नीट? कारण बाबांचा दुसरा प्रश्न, ड्राफ्ट नाही तर काय होतं, त्याचं उत्तर तिथे आहे. वेस्ट्स टायगर्सचा पोरगा. २०२४ला अठराव्या वर्षी आला आणि आल्या आल्या दिसलं की हा वेगळा आहे. टायगर्सवाल्यांची अवस्था तुम्हाला माहीत नसेल, ते बिचारे २०११ नंतर फायनल्सलाच (सीझनच्या शेवटच्या बाद फेरीला) गेलेले नाहीत, त्यांना वाटलं आता आपलं नशीब उघडलं. क्लबने मोठी लांबची ऑफर ठेवली. एप्रिल २०२५ला पोराने सांगितलं, नको, मी इथे राहणार नाही. वय एकोणीस! झालं, टीममधल्याच खेळाडूंनी इन्स्टावर टोमणे मारले, कोच बेंजी मार्शल, क्लबने त्या आठवड्याला खालच्या ग्रेडला खेळवला, आणि दोन महिने होत नाहीत तोवर पोरगा बुलडॉग्सकडे. बुलडॉग्स तेव्हा मस्त चालले होते. याला जागा करायला सीझनच्या शेवटी शेवटी टोबी सेक्स्टनला हलवला, आणि फायनल्समध्ये दोन मॅच सलग हरून घरी.

माझं मत, पोराची चूक नाही. नियमच असे आहेत की कराराच्या शेवटच्या वर्षाच्या आधी १ नोव्हेंबर आला की बाकीचे क्लब उघड बोलू शकतात, त्यामुळे प्रत्येक चांगल्या पोराच्या कानाशी कोणीतरी कुजबुजतच असतं. एकोणीस वर्षांचं पोरगं, मॅनेजर, आईबाप, क्लब, सगळे वेगवेगळ्या दिशेला ओढणार.

मीनल_न्यूकॅसल

पंत, चूक नाही हे मान्य, पण टायगर्सच्या ज्या लोकांनी त्याला वाढवला त्यांना काय मिळालं? लहान क्लबाने शेत नांगरायचं नि मोठ्याने कणीस न्यायचं. म्हणून मला वाटतं वाढवणाऱ्या क्लबला कॅपमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, भरपूर सवलत पाहिजे.

पेनरिथ_पंत

हो ते खरंय मीनलताई, आणि लाज वाटून सांगतो, आम्ही पण तेच केलं. ब्लेझ तलागी, पॅरामॅटाचा पोरगा, २०२४ला त्यांच्याकडून आला, छान खेळला, आणि २०२५ला आमच्याकडे. कारण लुआई आमच्याकडून टायगर्सला गेला, जागा रिकामी. बाबांच्या वेंटवर्थविलमध्ये हे नाव जपून घ्या, तिथे सगळे पॅरामॅटा ईल्सवाले. बघा म्हणजे चक्र कसं आहे, लुआई टायगर्सला गेला म्हणून तलागी पेनरिथला, आणि लुआईच्या शेजारी ज्याला उभा करायचा होता तो गॅल्व्हिन बुलडॉग्सला.

डावा_कोपरा

आमच्या प्रो कबड्डीत निदान हातोडी आपटून सगळ्यांसमोर विकतात. किंमत गावाला कळते. पण तिथेही नवीन तरुण खेळाडूंसाठी वेगळी सोय ठेवलीय, क्लब त्यांना ऑक्शनच्या बाहेर घेऊन वाढवू शकतो. पुणेरी पलटणने तेच केलं, पोरं धरून ठेवली, अस्लम इनामदार कॅप्टन, आणि दहावा सीझन मारला. पोरं एकत्र राहिली की कोणाचा पाय कधी पुढे येणार ते न बघता कळतं. ते विकत मिळत नाही. पेनरिथचं चार वेळचं तेच असणार असा माझा सांगलीत बसून अंदाज.

ब्रिस्बेनचा_नान्या

कोपरा भाऊ तुम्ही सांगलीत बसून पंतांपेक्षा कमी शब्दात सांगता.

अजून एक नाव राहिलं, कॅनबेरा रेडर्सचा ईथन स्ट्रेंज. २०२४चा बेस्ट रुकी. फाईव्ह-एटथ, म्हणजे हाफबॅकचा जोडीदार. बाप जॉन स्ट्रेंज रूस्टर्सच्या बायकांच्या टीमचा कोच, बहीण जॅस्मिन एनआरएलडब्ल्यू खेळते, म्हणजे घरात जेवताना पण टॅकलच चालत असणार. बॉल हातात आला की सरळ माणसाच्या अंगावर जातो, हाफ लोक सहसा जात नाहीत. २०२५ला रेडर्स लीग टेबलात पहिले आले, सगळी पोरंपोरं टीम, आणि मग बाद फेरीच्या पहिल्याच मॅचला आम्ही त्यांना गोल्डन पॉइंटमध्ये (बरोबरीनंतर जो आधी पॉइंट मारेल तो जिंकतो) २९-२८ ने उडवलं. वाईट वाटलं मला. दोन मिनिटं.

आणि एझ्रा मॅमचं मी वर अर्धवट सोडलं, ते पण सांगायला पाहिजे. २०२३च्या त्या तीन ट्रायनंतर सगळे म्हणाले हा पुढचा मोठा. २०२४च्या ऑक्टोबरला गाडीचा अपघात, लायसन्स नाही, अंगात ड्रग सापडलं, कोर्ट, नऊ मॅचचं सस्पेन्शन. बावीस पण पूर्ण नव्हते. २०२५ला परत आला, कप जिंकला. मी त्याला त्या रात्री स्क्रीनवर बघितला तर मला २०२३पेक्षा वेगळाच माणूस वाटला, किंवा मीच वेगळ्या नजरेने बघत होतो, माहीत नाही.

घरबसल्या_गणपुले

आणि तो उंच पोरगा होता ना, अठराच्या आत खेळवण्यासाठी खास परवानगी काढलेली. त्याचं काय झालं? बघा हं, मी पण बघतो अधूनमधून, फक्त सांगत नाही.

पेनरिथ_पंत

अरेच्चा काका! जोसेफ सुआली. हो, अठरा पूर्ण नसले तर एनआरएल खेळता येत नाही, रूस्टर्सने सूट मागून २०२१ला सतराव्या वर्षी खेळवला. तो युनियनला गेला. नोव्हेंबर २०२४ला लंडनला ट्विकनमवर पहिली टेस्ट, इंग्लंडला ४२-३७ ने हरवलं, हाच मॅच गाजवून आला. म्हणजे लीगने वाढवायचा आणि युनियनने न्यायचा, मीनलताईंच्या शेतातलं कणीस परत एकदा.

वेंटीकर_बाबा

बाप रे, एवढं उत्तर अपेक्षित नव्हतं. प्रिंट काढावी म्हणतो. सगळ्यांचे आभार, गणपुले काका तुमचे पण.

काल संध्याकाळी पहिलं ट्रेनिंग होतं, दिवसा चाळीस डिग्री, सात वाजता पण ग्राउंडवर भट्टी. कोचला मीनलताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. भला माणूस आहे, दिवसा प्लंबर, त्याने मला बाजूला नेऊन मॅटवर स्वतः गुडघ्यावर बसून दाखवलं, डोकं इथे, गाल त्याच्या पॅन्टच्या मागच्या खिशाला लागला पाहिजे, "चीक टू चीक" म्हणतात म्हणे, पोरं फिदीफिदी हसतात पण लक्षात राहतं. आठवड्याला दोन ट्रेनिंग आणि दोन्हीला पंधरा मिनिटं फक्त टॅकल. बायको गाडीत काच खाली करून ऐकत होती. काही बोलली नाही पण घरी आल्यावर चहा माझ्यापुढे आपटला नाही, ठेवला.

आणि मग कोपरा साहेबांचं ऐकून मी बॉलकडे बघितलंच नाही. वीस मिनिटं फक्त आमच्या काडीकडे बघितलं. पहिली पाच मिनिटं कंबरेवर हात. मग एकदा मोजे वर ओढले. मग एक मॅगपाय पक्षी आला त्याच्याकडे बघत उभा राहिला. माझं मन म्हणालं, खोडलं नाव. मग शेवटी सहा-सहाची मॅच लावली आणि त्या वर्गातल्या उंच पोराने, शेजाऱ्यांचाच तो, बॉल घेऊन दुसऱ्या बाजूने धाव काढली, आणि आमचा हा इकडून, बॉलचा काही संबंध नाही, तिरका पळत सुटला. पोचला नाही. चार मीटर कमी पडला, तोवर ट्राय झाला होता. पण पळाला. आणि येताना तोंड पाडून उलटा पळत आला, बॉलकडे बघत, ते त्याला कोणी सांगितलं माहीत नाही, मी तर नाही.

गाडीत विचारलं, तू तिकडे का पळालास, तुझी बाजू नव्हती ती. म्हणे "बाबा, दुसरं कोणीच जात नव्हतं."

माउथगार्ड घरीच राहिला होता, हे बायकोला सांगू नका.

डावा_कोपरा

दुसऱ्या दिवशी बोलवा त्याला.

पेनरिथ_पंत

एसजी बॉलच्या मॅच चालू आहेत सध्या. शनिवारी पेनरिथची जवळच कुठेतरी आहे, मैदान कन्फर्म करून टाकतो. पोराला घेऊन या, एकोणीसखालची पोरं दहा फुटांवरून बघायला मिळतात, टॅकलचा आवाज टीव्हीवर कळत नाही. वहिनींना आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सॉसेज ब्रेड माझ्याकडून.

ब्रिस्बेनचा_नान्या

बाबा, ईल्सची टोपी घालून जा पंतांना भेटायला 😄